नानांच्या हातातील जांभळे वांगे

प्रथम तिथी नोंदवितो, नंतर जबाबदार व्यक्ती.

पहिली तिथी, महायुद्ध पेटण्यापूर्वीची एक चंपाषष्ठी. या दिवशी धुळ्याच्या देवपुरास पांझरा नदीच्या काठी, मोटारीच्या इंजिनात हवा किती जाते आणि पेट्रोल किती जाते हे दाखविणाऱ्या उपकरणांची जाहीर चौकशी झाली. दुसरी तिथी, त्याच मार्गशीर्षातील अमावास्या. तोपर्यंत गाड्यांचा काळा धूर बंद झाला नसता, तर आमच्या धुळे-जळगाव सर्व्हिसचा परवाना रद्द होणार होता. तिसरी तिथी, गेली आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. त्या दिवशी मोटारमालक मंडळाने नानांचे तैलचित्र स्टँडवर लावण्याचा ठराव केला. चौथी तिथी अद्याप यावयाची आहे. येत्या दसऱ्यास त्या चित्राचे अनावरण आहे.

जबाबदार व्यक्ती अशा. एक, मोटारमालक मंडळाचे विद्यमान चिटणीस, ज्यांनी चित्रकारास माहिती पुरविली. दोन, स्वतः चित्रकार, ज्यांनी नानांच्या उजव्या हातात वांगे दिले. तीन, ड्रायव्हर भिका, ज्याच्यावर माझा आरोप अंशतःच आहे आणि तो पुढे येईल. चार, संपूर्ण धुळे शहर, जे इतकी वर्षे त्या थोर गृहस्थाचा उल्लेख 'वांग्यावर मोटार चालविणारे नाना' असा करीत आले आहे.

मृत मनुष्याची बदनामी होऊ शकत नाही, असा ज्यांचा समज असेल, त्यांनी दंडविधानाच्या कलम ४९९ चे पहिले स्पष्टीकरण वाचावे. मृताच्या आप्तांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केलेला आरोप हाही बदनामीच होय. आणि भावना दुखावल्या आहेत. नानांच्या पत्नी, ज्यांना सारे देवपूर अक्का म्हणते, त्या चित्र पाहून आल्या त्याच पावली माझ्या ओसरीवर येऊन बसल्या.

"वकीलभाऊ," त्या म्हणाल्या, "त्यासनी जलमभर ज्या वांगाले नापास करं, तेच त्यासना हातमा दी दिनं!"

मी त्यांना शांत करण्याचा यत्न केला. त्या शांत झाल्या नाहीत.

"आनि ते बी जांभयं! जांभया वांगानं भरीत कोन करस हो?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगणे अवश्य आहे की, खान्देशात भरताचे वांगे हिरवट पांढरे आणि चांगले दांडगे असते. जांभळे वांगे हातात धरलेला माणूस येथे एक तर परगावचा असतो किंवा बायकोवर रुसलेला नवरा असतो. अक्कांनी स्वच्छ सांगितले आहे की, वांगे चित्रात राहिले तर त्या अनावरणास येणार नाहीत. ज्या स्टँडवर नानांनी आयुष्य काढले, तेथे नानांचे चित्र लागणार आणि त्यांची अर्धांगी घरी बसणार. हे मी घडू देणार नाही. म्हणून हा मजकूर.

नाना मूळचे पाचोऱ्याकडचे. कपाशीचा पिढीजात व्यापार भावाकडे सोडून ते धुळ्यास आले आणि मोटार सर्व्हिसमध्ये भागीदार झाले. मी त्या सर्व्हिसचा कायदेविषयक सल्लागार होतो. त्या काळी सेशन्स कोर्टात खून-दरोड्याच्या खटल्यांना असेसर बसवीत. असेसर म्हणजे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ, ज्यांचे मत न्यायाधीशाने विचारावयाचे, परंतु मानलेच पाहिजे असे नाही. नानांना असेसर म्हणून वारंवार बोलावणे येई, आणि त्यांचे मत न्यायाधीशांनी एकदाही मानले नाही. दुसरा एखादा कोर्टाचे नाव टाकता. नानांनी तसे केले नाही. त्यांनी आपले कोर्ट घरीच चालू केले.

त्या कोर्टासमोर जगातील प्रत्येक वस्तू साक्षीदार होती. छत्री घ्यावयाची असेल तर नाना दुकानात छत्री उघडून खाली उभे राहत आणि दुकानदारास वरून तांब्याभर पाणी ओतावयास लावीत. घड्याळ घेतले तेव्हा ते शेजाऱ्यांच्या दोन घड्याळांजवळ महिनाभर ठेवले आणि मग त्यांतील शेजाऱ्याचेच एक विकत मागितले. सकाळी गवळी आला की नाना ओट्यावरून विचारीत, "आज वार कोणता?"

"बुधवार, नाना."

"बरोबर. आता सांग, दुधात पाणी किती?"

गवळी हसत असे. परंतु तो सांगत असे, हेही मी अनेकदा ऐकले आहे. ही नानांची उलटतपासणीची पद्धत होती. ते म्हणत, "वकील, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तो प्रश्न आधी विचारायचा. तिथं माणूस खरं बोलला, तर पुढचा विचारायचा. तिथंच लटपटला, तर पुढचा विचारून तोंडाची वाफ कशाला दवडायची?" मी कायद्याची पदवी घेतलेला माणूस. परंतु उलटतपासणीची इतकी सुटसुटीत व्याख्या माझ्या कोणत्याही ग्रंथात नव्हती, हे मी येथे लेखी देतो.

नाना कोर्टाच्या भाषेत बोलत तेव्हा त्यांचे मराठी पुस्तकी असे. खुशीत आले की मात्र एकदम अहिराणीवर उतरत. त्यामुळे घरातली मंडळी त्यांचा निकाल शब्दांवरून ओळखत नसत, भाषेवरून ओळखत. अक्कांच्या हातचा पहिला घास घेऊन नाना "पदार्थ समाधानकारक आहे" असे म्हणाले, तर अक्का मुकाट्याने मीठ पुढे करीत. "झकास शे" म्हणाले, तर कढई पुढे सरकवीत.

आता मूळ प्रकरण.

आमच्या गाड्या धूर सोडीत. एरंडोलच्या अलीकडे चढ लागला की मागे इतका काळा धूर सुटे की, रस्त्यावरील बैल बिथरत आणि मागच्या बाकावरील उतारू जळगावास उतरताना सारखेच दिसत, मग ते कोणत्याही जातीचे असोत. तक्रारी गेल्या. परवाना देणाऱ्या कचेरीतून नोटीस आली: अमावास्येपर्यंत धूर बंद, नाही तर परवाना बंद. सर्व्हिस बंद पडली असती तर तो परवाना मिळविण्यास दुसरे टपलेलेच होते. नानांनी आपला कपाशीच्या व्यापारातील वाटा भावास विकून या गाड्यांत घातला होता. भिका आणि इतर ड्रायव्हर यांच्या चुली याच गाड्यांवर पेटत होत्या.

धुराचे कारण सोपे आहे. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र होऊन जळते. पेट्रोल जास्त झाले तर ते पुरते जळत नाही, काळा धूर निघतो. हवा जास्त झाली तर इंजिन तापते, खोकते आणि चढावर मान टाकते. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून हे प्रमाण जुळविता येते. परंतु ते जुळले की नाही, हे सांगणार कोण? प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या कानाने आणि नाकाने जुळवी, आणि प्रत्येकाचे नाक वेगळे. नानांनी ठरविले की, याकरिता एक उपकरण घ्यावयाचे. आणि उपकरण घ्यावयाचे म्हणजे चौकशी आलीच.

प्राथमिक सुनावणी नानांच्या अंगणात झाली. इंजिन हवा किती जोराने ओढते हे दाखविणारे एक घड्याळवजा यंत्र तेथेच बाद झाले. नाना म्हणाले, "हा साक्षीदार रोगी आहे एवढं सांगतो, रोग सांगत नाही. असले वैद्य गावात पुष्कळ आहेत." उरले तीन.

साक्षीदार क्रमांक एक, काचेचा स्पार्क-प्लग. नेहमीचा प्लग काढून हा बसविला की, त्याच्या काचेतून आतली ज्योत दिसे. पिवळी असेल तर पेट्रोल जास्त, निळी असेल तर ठीक. परंतु गाडी उभी असतानाच पाहता येई, आणि भर उन्हात डोक्यावर उपरणे घेऊन इंजिनात वाकावे लागे.

साक्षीदार क्रमांक दोन, विजेवर चालणारे सुईचे यंत्र. सायलेन्सरच्या नळीतून थोडा धूर रबरी नळीने आत घेऊन, त्यावरून मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, की पातळ, म्हणजे हवा जास्त, हे सुईने दाखवी. धावत्या गाडीतही चाले. मुंबईचा एक एजंट ते घेऊन आला होता. सूट घातलेला, हसरा, आणि खान्देशच्या उन्हाबद्दल कोणी काहीच न सांगितलेला तरुण.

साक्षीदार क्रमांक तीन हजर केला भिकाने.

येथे भिकावरील आरोपाचा पूर्वार्ध. आमचे ड्रायव्हर सकाळी धुळ्याहून निघताना, इंजिनाजवळच्या तापलेल्या नळीवर पत्र्याच्या डब्यात एक वांगे बांधून ठेवीत. पारोळ्यास पोहोचेपर्यंत ते भाजून निघे. तेथे भाकरीबरोबर खात. भिकाचे म्हणणे असे की, वांगे भाजलेल्या तऱ्हेवरून त्याला मिश्रण कळते.

"नाना, वांगं आतमा कच्चं राहिनं तं पेट्रोल जास्ती शे. साल जयी गई तं हवा जास्ती शे. सुई-फुई कसाले पाह्यजे?"

मी हरकत घेतली. भाजीपाल्याची साक्ष कोणत्याही न्यायालयात घेतलेली माझ्या पाहण्यात नव्हती. नानांनी माझी हरकत फेटाळली. पातळ मिश्रणाने नळी अधिक तापते, तेव्हा म्हणणे सकृद्दर्शनी अशक्य नाही, असे ते म्हणाले. "आणि वकील, साक्षीदार झाडाला लागतो म्हणून त्याला दारातून परत पाठवणं, हा न्याय नाही."

वांग्याला नानांनी एवढीच सवलत दिली, याची नोंद चिटणिसांनी घ्यावी.

मुख्य सुनावणीचा दिवस नानांनी चंपाषष्ठीचा ठरविला, आणि सर्व अनर्थ येथून झाला. चातुर्मास लागल्यापासून आमच्याकडे वांगे खात नाहीत. चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग ते सुटते. म्हणजे पांझरेच्या काठी जमलेले पंच आणि प्रेक्षक यांपैकी बहुतेकांनी कित्येक महिन्यांत वांग्यास स्पर्श केलेला नव्हता. अशा पंचांपुढे वांगे साक्षीदार म्हणून उभे करणे ही न्यायदानाच्या इतिहासातील मोठी चूक होती. पण आम्हां कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. अक्कांनी तर नैवेद्यासाठी आणलेली टोपलीभर वांगी तेथेच पाठवून दिली होती. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भाराही आला होता.

पंचांत गावातील पाच गृहस्थ होते. विद्यमान चिटणीस, तेव्हा ऐन उमेदीत असलेले, हे त्यांपैकी एक.

गाडी पारोळ्याच्या रस्त्यावर नेऊन परत आणली. भिका चालवीत होता. एजंट यंत्र मांडीवर घेऊन बसला होता. नाना त्याच्या शेजारी, मी मागे. धूर काळाकुट्ट निघत होता. सुई मात्र 'मिश्रण ठीक' येथे ऐटीत उभी होती.

भिकाने मान वळवून पाहिले. "नाना, हाई सुई खोटं बोली राहिनी. मांगे धूर काया शे, नि हाई म्हनस बठ्ठं ठीक शे."

एजंट म्हणाला, "यंत्र विलायती आहे."

"मंग विलायतमा धूर पांढरा व्हई," भिका म्हणाला.

काठावर गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवले. पंच खुर्च्यांवर होते, प्रेक्षक वाळूत. नानांनी चोक ओढावयास सांगितला. चोक ओढला की हवा अडते आणि मिश्रणात पेट्रोल वाढते. हा तो प्रश्न होता, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक होते. नळीतून ढगासारखा धूर आला. पंच खोकू लागले. सुई जागची हलली नाही.

लोक हसले. एजंटाचा चेहरा पाहवेना. "बॅटरी उतरली असेल साहेब," तो म्हणाला. पंचांतून आवाज आला, "उचल रे बाबा तुझं यंत्र! गाडी लागेल स्टेशनात!"

दुसरा कोणीही तेथे यंत्र नापास करता. नाना उठले. म्हणाले, "साक्षीदार खोटं बोलतो, तेव्हा त्याला हाकलायचं नाही. त्याला कोणी पढवलं, ते आधी बघायचं." आणि तो गृहस्थ, नुकत्याच नेसलेल्या पांढऱ्या धोतरानिशी, सर्वांदेखत गाडीखाली शिरला.

काही वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग आतून खुशीतला आवाज आला.

"भिका, हाई काय शे?"

"डबा शे, नाना."

"डबामा काय शे?"

"साक्षीदार नंबर तीन."

"आनि त्याले बांधेल पट्टी कोनी शे?"

एजंट खाली वाकला आणि ओरडला, "अहो, ती माझ्या नळीची पट्टी!"

प्रकार असा झाला होता. यंत्राची रबरी नळी सायलेन्सरच्या नळीशी एका पितळी पट्टीने आवळलेली होती. भिकाला डबा बांधावयास तार मिळाली नाही. त्याने ती पट्टी काढून डब्यास लावली. "नवी व्हती नाना. मस्त घट्ट बसनी," असे त्याने पुढे सांगितले. इकडे यंत्राची नळी ढिली लोंबत राहिली आणि धुराबरोबर बाहेरची स्वच्छ हवा ओढू लागली. हवा मिसळल्यावर काळ्यात काळे मिश्रणही सुईला ठीकच दिसणार. सुई खोटे बोलत नव्हती. तिला दिले तेवढेच ती सांगत होती.

नाना बाहेर आले. धोतराचा रंग मी सांगत नाही. फूटबोर्डवर चढून, शुद्ध कोर्टाच्या मराठीत, त्यांनी निकाल दिला. मी जवळ उभा होतो आणि प्रत्येक शब्द ऐकला आहे.

"साक्षीदार क्रमांक तीन, वांगे, याने साक्षीदार क्रमांक दोन याची पट्टी आपल्या अंगावर घेऊन त्याच्या साक्षीत बाधा आणली. सबब वांग्याची साक्ष अग्राह्य ठरविण्यात येत आहे. त्यास सोलून, ठेचून, तेल, मिरची व कांद्याच्या पातीसह भरीत करण्याची शिक्षा फर्माविण्यात येते. टोपलीतील इतर वांगी त्याची नातलग असल्याने त्यांनाही तीच शिक्षा. अंमल ताबडतोब."

कोणताही कायदेपंडित हे शब्द वाचून सांगेल की, हा सत्कार नव्हे. ही शिक्षा आहे.

परंतु इंजिन चालू होते. पुढच्या चार लोकांखेरीज कोणास काही ऐकू गेले नाही. मागच्यांना इतकेच दिसले की, काड्या पेटल्या, वांगी विस्तवावर पडली, आणि बडगीत, म्हणजे भरताच्या लाकडी भांड्यात, ठेचणे सुरू झाले. खान्देशी माणसाला भरीत दिसले की तो त्यास सण समजतो, शिक्षा समजत नाही. मागून कोणी ओरडले, "वांगं पास व्हई गयं!" आणि बस! पंच खुर्च्या सोडून वाळूत पंगतीला बसले आणि भिका वाढू लागला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन अक्का आल्या. एजंटाने सुटाच्या बाह्या वर केल्या आणि पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी काढले. अक्कांनी त्याला गूळ दिला.

"कसं शे?" नानांनी विचारले.

"समाधानकारक," एजंट म्हणाला.

अक्का म्हणाल्या, "त्याले मीठ द्या."

जेवण झाले आणि पंच उठून घरी गेले. सुनावणी अपुरी आहे, हे मी ओरडून सांगत होतो. विद्यमान चिटणीस मिशीचे तेल पुशीत म्हणाले, "वकीलसाहेब, निकाल पोटात गेला की आता!" आणि तेही गेले.

म्हणून पुढचे त्यांना माहीत नाही. पुढचे माहीत आहे मला, भिकाला आणि एजंटाला. नानांनी पट्टी स्वतःच्या हाताने परत यंत्राच्या नळीस लावली. त्यापूर्वी नळी मोकळ्या हवेत धरून सुई आपल्या जागी येते की नाही ते पाहिले होते. मग चोक ओढला. सुई झटकन जाड मिश्रणाकडे गेली. सोडला, परत आली. पुन्हा ओढला, पुन्हा गेली. मग काचेचा प्लग बसवून, डोक्यावर उपरणे घेऊन, ज्योतीचा रंग आणि सुईची जागा मिळते का ते पाहिले. दोघांची जबानी जुळली. नाना उपरण्याखालून बाहेर आले, घामाने निथळत.

"झकास शे!" ते म्हणाले.

अहिराणीत म्हणाले. निकाल तेथे लागला. दोन्ही उपकरणे घेतली. धावत्या गाडीसाठी सुई, आणि सुईवर लक्ष ठेवावयास काच, कारण एकाच साक्षीदारावर नाना कोणालाही दोषी धरीत नसत. भिका, ज्याच्यावरील आरोप येथे संपतो, पुढचे कित्येक दिवस सुईकडे पाहत स्क्रू फिरवीत बसला. अमावास्येपूर्वी तपासणीचे साहेब एरंडोलच्या चढावर मागे चालत आले आणि त्यांची पांढरी टोपी पांढरीच राहिली. परवाना वाचला.

भिकाने डबा मात्र सोडला नाही. फक्त स्वतःची तार आणली. त्यावरून लोकांनी म्हणावयास सुरुवात केली की, नानांच्या गाड्या अजून वांग्यावरच चालतात. नाना हसत. मी मात्र तेव्हाही हसलो नव्हतो.

पुढे युद्ध आले. पेट्रोलवर रेशनिंग लागले. गाड्यांच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बसल्या आणि कोळशाच्या वायूचे प्रमाण आमच्या सुईला कळेना. नानांनी यंत्र काढले, पुसले, अक्कांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. "साक्षीदाराला भाषा येत नसेल, तर त्याला खोटारडा म्हणू नये," ते म्हणाले, "रजा द्यावी." शेवटच्या आजारात डॉक्टर थर्मामीटर घेऊन आले, तेव्हा नानांनी तो आधी डॉक्टरांच्याच तोंडात धरावयास लावला. डॉक्टरांना ताप नाही असे त्याने सांगितल्यावरच स्वतःच्या तोंडात घेतला.

असा हा माणूस. वांग्याला न्याय देऊन, रीतसर ऐकून, पुराव्यानिशी नापास करणारा हिंदुस्थानातील बहुधा एकमेव मोटारमालक. आणि त्याच्या हातात तुम्ही वांगे देता? अक्कांची मागणी अवास्तव नाही. वांगे पुसावे आणि त्या जागी सुईचे यंत्र काढावे. नमुन्यासाठी यंत्र लुगड्यासकट देण्यास त्या तयार आहेत. वांगे ठेवावयाचेच असेल तर ते हिरवे असावे, ठेचलेले असावे आणि नानांच्या पायाशी असावे.

चिटणीस महाशय, आपण मला खासगी पत्राने उत्तर धाडू नये. मी ते फोडणार नाही. आपण दसऱ्यापूर्वी याच वृत्तपत्रात, सर्व खान्देशासमोर, जाहीर उत्तर द्यावे. त्या दिवशी निकाल काय लागला, हे मी आपणास इतक्यात विचारीत नाही. मी नानांच्या पद्धतीने जाणार आहे. ज्याचे उत्तर मला, अक्कांना आणि वाढणाऱ्या भिकाला पक्के ठाऊक आहे, तो प्रश्न आधी विचारतो:

त्या चंपाषष्ठीस, पांझरेच्या काठी, आपण भरीत किती वेळा वाढून घेतले?

याचे उत्तर खरे आले, तर मी पुढचा प्रश्न विचारीन.